मी लावलेली बेशरम

आमच्या गावच्या मोठ्या तलावाला कागदावर गट नंबर आहे, पण जुनी माणसं त्याला शिकारीचा तलाव म्हणत. मालगुजाराच्या काळात नागपूरचे साहेब लोक इथं बदकं मारायला यायचे, त्यावरून हे नाव पडलं. आता शिकार नाही आणि नाव सांगितलं तर पोरं हसतात. मी मात्र ती शिकार पाहिली आहे, अगदी शेवटची शेवटची.

आठ-नऊ वर्षांचा असेन, म्हणजे 1968-69 ची गोष्ट. हलका धान कापून झाला, थंडी पडली की तलावावर बाहेरची बदकं उतरायची. अडई आणि काणूक तर बारमाही असायचेच. त्यांच्यात थापट्या, तलवार बदक, लालसरी, चक्रवाक येऊन मिळायची. ही नावं मी पुस्तकातून पुढे शिकलो. तेव्हा आमच्यासाठी लहान बदक आणि मोठं बदक एवढेच दोन प्रकार. पहाटे अंधारात जीप यायची. ढिवर मोहल्ल्यातले दोघं-तिघं डोंगा घेऊन थांबलेले असायचे. डोंग्याला हिरव्या फांद्या बांधायच्या, आत साहेब बंदूक घेऊन दबून बसायचा आणि ढिवर मागून पाण्यात उतरून डोंगा हळूहळू ढकलायचा. माघ महिन्याच्या थंडीत, छातीएवढ्या पाण्यात. पहिला बार झाला की सारा तलाव एकदम उठायचा. हजार बायांनी एकाच वेळी सुपं पाखडली तर कसा आवाज होईल, तसा.

आम्ही पोट्टे पाण्यात शिरून पडलेली बदकं गोळा करायचो. एका बदकाला पाच पैसे मिळायचे. काही जिवंत असायची, हातात त्यांचं काळीज धडधडताना कळायचं. एका सकाळी मी आठ बदकं आणली आणि चाळीस पैसे घेऊन घरी आलो. आजानं पैसे पाहिले, काही बोलला नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "ते पाखरू किती दुरून आलं असंन गा, अन् तू पाच पैशाले इकलं."

1972 साली वन्यजीवांचा कायदा झाला. बंदुकीची ये-जा कमी कमी होत गेली, आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर परवान्यानं होणारी शिकारही गेली. बंदूक गेल्यावर बदकं वाढायला पाहिजे होती. आमच्या तलावावर उलटं झालं. बंदूक होती तेव्हा दर हिवाळ्यात पाणी काळंभोर दिसेल एवढी बदकं यायची. बंदूक गेली, आणि पुढच्या वीस वर्षांत बदकंही गेली. ती का गेली हे मला माहीत आहे, कारण त्यात माझाही हात आहे. ते सांगायलाच हा लेख लिहायला घेतला.

आमचा भाग म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा. इथं साडेसहा हजारांच्या वर जुने मालगुजारी तलाव आहेत. सरकारी भाषेत 'माजी मालगुजारी', त्याचं लोकांनी केलं 'मामा तलाव'. लहान असला तर ती बोडी. कोहळी लोकांची ही कला. नवेगावबांधचा एवढा थोरला तलाव कोलू पाटील कोहळ्यानं बांधला असं सांगतात. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडूम, जास्तीचं पाणी जायला सांडवा आणि खाली धानाच्या बांध्या. सिमेंटचा कण नाही, तरी दोन-अडीचशे वर्षं पाणी धरून आहेत.

हे तलाव चांगले राहिले ते लोकांच्या श्रमानं, हे खरं आहे. पण ते श्रम कसे घेतले जायचे हेही सांगायला पाहिजे. आजा सांगायचा, उन्हाळ्यात घरटी एक माणूस पाळीवर माती टाकायला जायचा आणि त्याची मजुरी मागायची नसे. साहेब येणार असला की ढिवरांना तलावातलं वाढलेलं गवत, लव्हाळा काढून पाणी मोकळं करावं लागे, कारण मोकळ्या पाण्याशिवाय बदक उतरत नाही. म्हणजे तलाव साफ राहायचा तो शिकारीसाठी, आणि साफ व्हायचा तो बेगारीनं. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली. आमचा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारजमा झाले आणि आमच्याकडे निस्ताराचा हक्क राहिला. बेगार गेली हे उत्तमच झालं. मात्र बेगार गेली त्या दिवसापासून तलावातलं गवत काढायचं कोणी, हे कोणीच ठरवलं नाही. पाणी घ्यायचा हक्क सगळ्यांना पाठ होता.

आता माझी गोष्ट.

1976 ला मी दहावी पास झालो. पुढं शिकायची ऐपत नव्हती, शेती धरली. आमचं एक वावर तलावाच्या वरच्या अंगाला, जिकडून पावसाचं पाणी तलावात येतं त्या बाजूला आहे. तिथं ढोरांचा फार त्रास. काट्याचं कुंपण दरवर्षी नवं करावं लागायचं आणि जंगलातून काट्या आणताना फॉरेस्ट गार्ड धरायचा. एकदा राजनांदगावकडे सोयऱ्यांच्या गावी गेलो तर तिथं सगळ्या धुऱ्यांवर एकच झुडूप. मोठी बदामासारखी पानं, गुलाबी-जांभळी भोंग्यासारखी फुलं. ढोर तोंड लावत नाही, पाणी नको, खत नको. काडी खोचली की लागली. नाव विचारलं तर म्हणाले, बेशरम. मी हसलो. एक भारा सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला.

दोन पावसाळ्यांत माझं कुंपण माणसाच्या उंचीचं झालं. लोक पाहायला यायचे. मीच त्यांना काड्या तोडून दिल्या, मोठ्या मानानं दिल्या. गावात काहीतरी नवीन आणलं, शिकल्याचं सार्थक झालं असं वाटायचं.

हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. आपल्याकडे शोभेसाठी, कुंपणासाठी पसरलं. त्याची काडी मोडून ओल्यात पडली की मुळं धरते. कोरड्यात जगतं, पाण्यात उभं राहूनही जगतं. बकरीनं सतत खाल्लं तर ती झुलायला लागते आणि मरते. यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की माझ्या कुंपणाच्या मोडक्या काड्या वाहत तलावात जात होत्या. मी ते पाहत होतो. पाहत होतो, पण माझ्या डोक्यात काही येत नव्हतं.

1988 चा उन्हाळा असेल. ढिवर मोहल्ल्यातले एक म्हातारे माझ्या घरी आले. शिकारीच्या वेळी डोंगा ढकलणाऱ्यांत तेही असायचे. दारात उभे राहिले, बसले नाहीत. म्हणाले, "बापू, तुमची काडी तलावात उतरली. जाळं टाकाले जागा नाही रायली. टाकलं तं फाटते. तेवढं कुंपण काढा, आमी येतो हात लावाले."

मी म्हणालो, "तलाव सरकारचा आहे. सरकारले जाऊन सांग."

वयानं ते माझ्या बापाएवढे. तरी मी त्यांना 'सांग' म्हणालो. तशीच रीत होती, आणि ती चुकीची आहे हे मला दहावी शिकूनही सुचलं नव्हतं. आज लिहिताना त्यांना 'ते' म्हणतो आहे, पण ते हयात नाहीत. ते काही न बोलता गेले. पुढच्या दोन-चार वर्षांत त्यांची दोन्ही पोरं नागपूरला बांधकामावर गेली ती कायमची.

त्यानंतर तलाव कसा गेला हे सांगायला फार वेळ लागत नाही. बेशरमीच्या मुळांत गाळ अडकतो, गाळावर नवी बेशरम येते, ती आणखी गाळ धरते. पाणी काठापासून आत आत सरकतं. आमच्या पाण्यात पूर्वी गाद, चौरा, चिला, पोवन असायचं, काठाला देवधान असायचं. माशांचं आणि बदकांचं खाणं तेच. बेशरमीच्या सावलीत ते खुंटलं. जे उरलं ते गवत्या माशानं संपवलं. तलावातलं तण खाईल म्हणून तो सोडला होता. त्यानं चांगलं होतं ते सगळं खाल्लं आणि बेशरमीला काही तोंड लावलं नाही. मरळ, शिंगूर, बोटरी दिसेनाशी झाली. मोकळं पाणी नाही, खाणं नाही, मग बदक कशाला उतरेल? 2005 च्या आसपास एका हिवाळ्यात पाळीवर उभा राहून पाहिलं तर सगळीकडे गुलाबी फुलं. लांबून आलेला पाहुणा म्हणाला, काय सुंदर दिसते! मला पोटात कसंतरी झालं.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्यासारख्याला रात्री पाण्याला जावं लागतं, तेव्हा विचाराला वेळ मिळतो. पहिला प्रश्न असा की अजाणता केलेल्या गोष्टीचं पाप लागतं का? कीर्तनकाराला विचारलं तर तो म्हणाला, अजाणतेपणी झालेलं देव मनावर घेत नाही. बरं वाटलं, पण टिकलं नाही. कारण काडी लावली तेव्हा मी अजाण होतो, हे खरं. 1988 च्या उन्हाळ्यात मात्र मला दारात येऊन सांगितलं गेलं होतं. त्यानंतरची वर्षं अजाणतेपणाच्या खात्यात कशी टाकू?

दुसरी पळवाट अशी की बेशरम मी एकट्यानं लावलेली नाही. पुढं गावातल्या निम्म्या धुऱ्यांवर ती होती, रस्त्याच्या नालीत होती, आसपासच्या गावांत होती. मी आणली नसती तरी आलीच असती. तलावातलं कुठलं झुडूप माझ्या काडीचं हे कोणी सिद्ध करू शकत नाही. हे सगळं खरं आहे. पण असा हिशेब प्रत्येकानं मांडला की प्रत्येकाच्या वाट्याला दोषाचा दाणाही येत नाही, आणि तलाव मात्र काठोकाठ भरलेला. दोष वाटून वाटून संपतो, बेशरम संपत नाही. माझ्या हिशेबात कुठंतरी चूक आहे एवढं मला कळत होतं.

जलपर्णीबद्दल वाचताना कळलं की बंगालात नद्या-तळी तिनं बंद केली तेव्हा 1936 साली तिच्यासाठी खास कायदा करावा लागला होता. ज्याच्या जागेत ती असेल त्यानं ती काढायची. कोणी आणली, कोणाच्या पाण्यातून आली, ही भानगडच ठेवली नाही. मला तो विचार आवडला. तरी आमच्यासारख्या सरकारी तलावात जागा कोणाची म्हणायची?

आमच्या शाळेतल्या मास्तरांनी आणखी एक लेख वाचायला दिला होता. अमेरिकेत बदकांची शिकार करणाऱ्याला 1934 पासून दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावं लागतं आणि तो पैसा पाणथळ जागा राखायला जातो. तिथले शिकारी तळ्यातलं नको ते तण स्वतः काढतात, कारण तळं बुजलं तर बदक येणार नाही. ते वाचून मला माझे चाळीस पैसे आठवले. मारणाऱ्यानं पाणी राखलं आणि न मारणाऱ्या आम्ही ते बुजू दिलं, हे कसं? बंदूक चांगली होती असं मी म्हणणार नाही. ते धडधडणारं काळीज माझ्या हाताला अजून आठवतं. पण त्या माणसाला तलावाकडून काहीतरी हवं होतं, म्हणून त्याचं तलावाकडे लक्ष होतं. आम्हाला बोअरचं पाणी मिळालं आणि तलावाकडून काही नकोच झालं. ज्या ढिवरांना हवं होतं, त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. मी तर नाहीच.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या दोन-चार गावांत ढिवर लोक आणि बायांचे गट मिळून तलाव साफ करतात, आतली जुनी वनस्पती परत लावतात, असं ऐकलं. जाऊन पाहून आलो. घरी सांगितलं तर पोरगा म्हणाला, "बाबा, एवढं उपटत कायले बसता? तणनाशकाचे पंप मारले की आठ दिवसांत काम फत्ते." मला पटलं. खोटं कशाला सांगू, पटलंच. माझं वय झालेलं, मजूर मिळत नाही. स्वतःच्या पैशानं औषध आणलं. वाटलं, आपल्या चुकीची भरपाई आपल्या खिशातून होते आहे, कोणाला त्रास नाही.

डबा आठ दिवस कोठ्यात पडून राहिला. शेवटी मी ढिवर मोहल्ल्यात गेलो. त्या म्हाताऱ्यांची बायको अजून होती, पाठीत वाकलेली, पण जाळं विणत होती. तिला सांगितलं, माय, असं असं करायचं मनात आहे.

तिनं हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, "लावली तवा इचारलं नाही. आता माराच्या वक्ताले तरी इचारलं. दवा नोको मारू, बापू. ढोरं पेतेत ते पानी. मासोळी हाये थोडीबहुत. हातानं उपटू."

मी म्हटलं, हातानं तीन उन्हाळे जातील.

"जाऊ दे ना. तिले याले किती लागले?"

मला इतकी वर्षं वाटत होतं की प्रश्न माझ्या पापाचा आहे आणि तो मी फेडला की झालं. त्या म्हातारीला माझ्या पापाशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला तलाव पाहिजे होता. मी एकट्यानं, माझ्या मनानं लावली होती, आणि परत एकट्यानं, माझ्या मनानंच मारायला निघालो होतो. दोन्ही वेळा पाणी मात्र माझ्या एकट्याचं नव्हतं. औषधाचा डबा दुकानदारानं परत घेतला नाही, तो अजून पडून आहे.

आधी माझ्या वावरातलं कुंपण काढलं. मग चैत्र सरला आणि पाणी आत गेलं तसे तलावात उतरलो. मोहल्ल्यातल्या पंधरा-वीस बाया, सात-आठ माणसं, मी आणि दोन दिवस कुरकुरत माझा पोरगा. बेशरम नुसती कापून चालत नाही, खोडातून फुटते. कुदळीनं गड्डा मोकळा करायचा, मुळासकट ओढायची आणि तुकडा न तुकडा उचलून पाळीपलीकडे कोरड्यात वाळवायचा. ओल्यात एक कांडी राहिली तर पावसाळ्यात ती पुन्हा उभी. मागे एकदा मशीननं गाळ काढला होता, तेव्हा गाळाबरोबर काड्याही लोकांच्या बांध्यांत गेल्या आणि तिथं उगवल्या. त्यामुळे मशीनचं नाव कोणी काढलं नाही. सकाळी सहा ते दहा काम, नंतर ऊन सोसत नाही. वाळलेली बेशरम जाळली. पहिल्या उन्हाळ्यात दोनेक एकर जागा मोकळी झाली. तिथं माझा ट्रॅक्टर फिरवून चिखल भुसभुशीत केला आणि पाऊस पडल्यावर बायांनी दुसऱ्या बोडीतून चिला, चौरा आणून धान रोवतात तसा रोवला. त्या रोवताना गाणी म्हणत होत्या. मजुरी कोणाला काय द्यायची यावरून भांडणंही झाली, बेगार कोणाला नको होती. शेवटी ठरलं की मासोळीचा पैसा आला की त्यातून द्यायची आणि तोवर मी उसनी द्यायची. त्यातले थोडे अजून यायचे आहेत. मी मागितलेले नाहीत, पण विसरलोही नाही.

तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मोकळ्या पाण्यावर अडई उतरल्या, तीसेक असतील. त्यांच्यात पाच-सहा थापट्या. मी म्हातारीला हात धरून पाळीवर नेलं. तिला नीट दिसत नव्हतं. आवाज आला तेव्हा म्हणाली, "हो, हायेत." मग विचारलं, "बंदूकवाले नाही येत ना आता?"

पश्चिमेच्या कोपऱ्यात एक पट्टा अजून उभा आहे, अर्धा एकर असेल. मागच्या उन्हाळ्यात तिथं कुदळ घेऊन शिरलो तर पाणकोंबड्यांची धावपळ उडाली. मोठी होती, पिल्लं होती की काय तेही नीट दिसलं नाही. चाळीस वर्षांत त्या झुडपांतही कोणीतरी घर केलं होतं. बायांनी विचारलं, काढायचं का? मी म्हटलं, राहू द्या, पुढल्या वर्षी पाहू. एक बाई म्हणाली, "दया आली काय थकले?" सगळ्या हसल्या, मीही हसलो. उत्तर मला देता आलं नाही.

यंदाच्या पावसात तो पट्टा हातभर पुढे सरकला आहे. कुदळीला नवा दांडा बसवून ठेवलाय. पाणी खाली गेलं की मोहल्ल्यात जाऊन विचारून येईन.